देशाचा खजिना, देशाचे कर्ज आणि आपण

‘तुमचे शिक्षण आमच्या करातून झाले आहे,’ हे वाक्य आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्या बहुतेक माजी विद्यार्थ्यांनी कधी ना कधी ऐकले असेल. कोणी ते महाविद्यालयात ऐकले, कोणी कचेरीत जेवणाच्या सुट्टीत, तर कोणी परदेशी गेल्यावर आपल्याच देशबांधवांच्या तोंडून. ऐकणारा बहुधा गप्प राहतो. शिष्यवृत्ती घेतली, ही गोष्ट खरी असते. आणि कर कोणी भरला, याचा हिशेब त्याला कोणी शिकविलेला नसतो. पाठ्यपुस्तकांत राजे येतात, लढाया येतात, तह येतात. त्या लढायांचा पैसा कोणाच्या घरातून गेला, हे क्वचितच येते. इतिहासाचे अध्यापन करताना ही उणीव आम्हांला वर्षानुवर्षे जाणवत आली आहे. स्मरणिकेत कृतज्ञतेचे लेख पुष्कळ असतात आणि ते असावेतच. परंतु या अंकात थोडी जागा जमाखर्चालाही मिळावी, असे आम्हांस वाटते.

प्रारंभ गावापासूनच करू. गावचा सारा वसूल झाला की ती रक्कम तालुक्याच्या खजिन्यात पोहोचविण्याचे काम वतनदार महाराकडे असे. वसुली पाटील-कुलकर्ण्यांची, थैली वाहण्याचे आणि राखण्याचे काम महाराचे. ज्याच्या अंगावर ही थैली विश्वासाने दिली जाई, त्याला त्याच साऱ्यातून चालणाऱ्या शाळेच्या ओटीवर बसता येत नसे. वतनाच्या जमिनीवर त्याच्याकडून जुडी घेतली जाई, ती वेगळीच. याखेरीज तो जो कर भरत असे, त्याची नोंद कोणत्याच खातेवहीत नाही. रात्री-अपरात्री सरकारी टपाल नेणे, अंमलदाराचे ओझे वाहणे, दवंडी देणे, गावात येणाऱ्या कामगाराच्या घोड्याला गवत घालणे, या सर्व चाकरीचा रोख पगार सरकारने दिला नाही. तो बलुत्याच्या रूपाने गावावर ढकलला आणि गावाने तो द्यायचा तेव्हा, द्यायचा तेवढा दिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात वतनाच्या सुधारणेचे विधेयक मांडले, तेव्हा त्यांचा रोख नेमका येथे होता. जो पगार द्यावयास हवा होता आणि जो दिला गेला नाही, तो सरकारच्या खजिन्यात शिल्लक पडलेला पैसाच होय. अशा पैशाला आम्ही कर म्हणतो. अर्थशास्त्राच्या पंडितांनी त्याला दुसरे काही नाव द्यावयाचे असल्यास आमची हरकत नाही.

महात्मा फुले यांनी हीच गोष्ट त्याआधी जवळजवळ अर्धशतक ओळखली होती. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी सरकारला सरळ विचारले की, महसुलाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो, मग तो वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर का खर्च होतो? त्या काळी मुंबई इलाख्यात साऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून घेतला जात असे आणि त्यातील तिसरा हिस्सा शाळांसाठी असे. आणा शेतकऱ्याच्या घरचा, शाळेत बाक मात्र दुसऱ्याच्या मुलाला. पुढच्याच वर्षी सिद्ध झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सारा, लोकल फंड, मिठावरील जकात यांचा जो पाढा आहे, तो भावनेच्या भरात लिहिलेला नाही, ती देशाच्या अर्थसंकल्पाची समीक्षा आहे. मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारांनी तिच्याकडे या दृष्टीने फारसे पाहिले नाही.

कर भरणे आणि हक्क असणे यांची सांगड कायद्याच्या भाषेत प्रथम घातली गेली, ती ४ ऑगस्ट १९२३ रोजी. सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई कौन्सिलाने असे ठरविले की, सार्वजनिक पैशातून बांधलेल्या आणि राखलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य वर्गाला खुले असावेत. ठरावातील ‘सार्वजनिक पैसा’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. कोणाच्या अंतःकरणाला पाझर फुटावा, अशी मागणी त्यात नाही. मार्च १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले गेले, त्यामागे मनुष्यत्वाचा मोठा दावा होता हे सर्वज्ञात आहे. त्याच्या बरोबरीने हाही साधा दावा होता की, तळे नगरपालिकेचे आहे आणि नगरपालिकेनेच १९२४ साली ते खुले केल्याचा ठराव केला आहे. उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले. पुढे राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, घाट, रस्ते यांचा उल्लेख आला तो ‘पूर्णतः अथवा अंशतः राज्याच्या निधीतून राखलेल्या’ अशा अर्थाच्या शब्दांसह. बोले ठरावाचा धागा तेथपर्यंत पोहोचला आहे.

महाडच्याच वर्षी बाबासाहेब कौन्सिलात अर्थसंकल्पावर बोलत होते. त्यांचे दोन मुद्दे आजही जुने वाटत नाहीत. पहिला असा की, आयकर ठरावीक उत्पन्नाच्या वरच लागतो, पण शेतसारा एक एकरवाल्यालाही सुटत नाही. मग गरिबाला सूट का नाही? दुसरा मुद्दा शिक्षणाचा. इलाख्यात शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च होतात आणि अबकारीतून दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल होतात. तेव्हा लोकांच्या व्यसनातून जेवढे घेता तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, असे त्यांनी सुनावले. दारूच्या महसुलावर राज्य चालविण्याची सवय आपल्याकडे अद्याप सुटलेली नाही, हे वाचकांना वेगळे सांगावयास नको.

आता कर्जाकडे वळू. बाबासाहेबांची ओळख आपण घटनाकार म्हणून करून देतो. परंतु कोलंबिया विद्यापीठाच्या एम. ए. पदवीसाठी १९१५ साली त्यांनी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि तिची वित्तव्यवस्था हा होता. तेव्हा त्यांचे वय चोवीस वर्षांचे होते. भारताने इंग्लंडला जे दिले ते जितके प्रचंड, तितकेच इंग्लंडने भारताला दिलेले नगण्य, असा आर्थिक निष्कर्ष त्यांनी त्यात काढला आहे. या प्रबंधाच्या कालखंडात जे घडले, ते प्रत्येक भारतीयाने जाणून घ्यावे असे आहे.

कंपनीने भारत जिंकला तो भारताच्याच महसुलातून व भारताच्या नावे काढलेल्या कर्जातून. १८३३ च्या सनदेने कंपनीचा व्यापार बंद झाला, पण तिच्या भागधारकांना दरसाल साडेदहा टक्के लाभांश मिळत राहील, अशी हमी दिली गेली. साठ लाख पौंडांच्या भांडवलावर ही रक्कम वर्षाला ६ लाख ३० हजार पौंड होते आणि ती भारताच्या महसुलातून जात असे. १८५७ चा उठाव मोडण्याचा खर्च सुमारे ४ कोटी पौंड धरला जातो. तोही भारताच्याच खात्यावर पडला. १८५८ च्या कायद्याने कंपनी गेली व राणीचे राज्य आले, तेव्हा कंपनीची सर्व कर्जे आणि तो लाभांश ‘केवळ भारताच्या महसुलावर’ भारित केला गेला. शेवटी १८७४ साली भागधारकांना शंभर पौंडांच्या भागामागे दोनशे पौंड देऊन मोकळे करण्यात आले. म्हणजे ज्यांनी हा देश विकत घेतला, त्यांना ती किंमत आपणच चुकती केली आणि वर दुप्पट नफा दिला. १८६७ मध्ये तुर्कस्तानच्या सुलतानाला लंडनमध्ये जी मेजवानी दिली गेली, तिचे बिलदेखील भारताच्या नावे फाडले गेले. रेल्वे कंपन्यांना पाच टक्के परताव्याची हमी होती. नफा न झाल्यास तूट सरकारने, म्हणजे सारा आणि मीठ यांनी भरून काढायची. मिठाशिवाय कोणाचीच भाकरी घशाखाली उतरत नाही. म्हणून मिठावरील कर हा दारिद्र्यावरील कर होता.

‘भारित’ हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम आहे.

या कथेला एक विलक्षण वळण दुसऱ्या महायुद्धात मिळाले. ब्रिटनने भारतातून सैन्यासाठी धान्य, कापड, ताग, पोलाद असे काय काय उचलले. त्याचे पैसे लंडनमध्ये पौंडांच्या रूपाने भारताच्या नावावर जमा केले, पण हातात दिले नाहीत. येथे रिझर्व्ह बँकेने त्या पौंडांच्या भरवशावर नोटा छापल्या. युद्ध संपले तेव्हा भारताचे ब्रिटनकडील जुने कर्ज जवळजवळ फिटले होते आणि उलट ब्रिटनच भारताला सुमारे १३० कोटी पौंड देणे लागत होता. ऋणको देश धनको झाला! पाठ्यपुस्तकात हे अभिमानाने सांगता येईल. परंतु हे धन कसे साठले? बाजारात नोटा वाढल्या, माल युद्धाकडे गेला, भाव कडाडले. १९४३ साली बंगालमध्ये सुमारे ३० लाख माणसे मेली, त्यांत भूमिहीन मजूर, मच्छीमार आणि गावकारागीर यांचा भरणा मोठा होता. देशाच्या नावावर जमा झालेले पौंड त्यांच्या ताटातून गेलेल्या भाताचे होते. कर बसविण्यासाठी दरवेळी कायदा लागतोच असे नाही. महागाईही कर गोळा करते, आणि ज्याच्या घरात कणगी नाही त्याच्याकडून तो सर्वांत आधी गोळा करते.

म्हणून देशावर कर्ज आहे एवढ्याने घाबरून जावे, असे आम्ही म्हणत नाही. तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची जी चार सुखे सांगितली, त्यांत ऋणमुक्त असण्याचे सुख आहे. ते घरासाठी खरेच आहे. परंतु राज्य म्हणजे घर नव्हे. धरण, शाळा, रुग्णालय यांचा उपयोग पुढच्या पिढीला होणार असेल, तर त्याचा काही भार पुढच्या पिढीने उचलण्यात अन्याय नाही. दीघनिकायातील कूटदंत सुत्तात महाविजित राजाची कथा आहे. राजाला मोठा यज्ञ करावयाचा असतो आणि राज्यात लुटालूट चाललेली असते. त्याचा पुरोहित त्याला सांगतो की, अशा वेळी नवा कर बसविणे हे अकर्तव्य ठरेल आणि नुसत्या दंडानेही लूट थांबणार नाही. शेतकऱ्याला बी-बियाणे द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, राजसेवकाला वेतन द्या. राजा तसे करतो. लोक आपापल्या कामाला लागतात, खजिनाही भरतो आणि माणसे दारे उघडी ठेवून राहू लागतात. कर किती आणि कर्ज किती, या प्रश्नाआधी खर्च कोणावर हा प्रश्न तेथे आला आहे.

घटना समितीत सरकारच्या कर्ज काढण्याच्या अधिकारावर चर्चा झाली, तेव्हा बाबासाहेबांनी सांगितले की, या अधिकाराला मर्यादा घालण्याची मोकळीक संसदेला आहे आणि ती तिने वापरावी. अनुच्छेद २९२ मध्ये तशी तरतूद आहे. तसा कायदा यावयास २००३ साल उजाडले. २०१८ च्या दुरुस्तीने केंद्र सरकारचे कर्ज २०२४-२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४० टक्क्यांवर आणावयाचे ठरले होते; प्रत्यक्षात ते ५५ टक्क्यांच्या वरच राहिले. मध्यंतरी महासाथ येऊन गेली, हे मान्य केले पाहिजे. आता २०३०-३१ पर्यंत ५० टक्क्यांच्या आसपास आणण्याचे नवे लक्ष्य आहे.

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाचे आकडे पाहू. एकूण खर्च सुमारे ५०.६५ लाख कोटी रुपये. त्यांपैकी केवळ व्याजापोटी १२.७६ लाख कोटी. रस्ते, रेल्वे वगैरे भांडवली खर्चासाठी ठेवलेल्या ११.२१ लाख कोटींहून हे व्याज अधिक आहे. त्या वर्षी काढावयाचे नवे कर्ज १५.६९ लाख कोटी, म्हणजे नव्या कर्जाचा फार मोठा भाग जुन्या कर्जाच्या व्याजाएवढा. आपल्या राज्यावरील कर्जही सव्वानऊ लाख कोटींच्या पुढे गेल्याचा अंदाज त्याच वर्षीच्या राज्याच्या अर्थसंकल्पात होता.

हे व्याज जाते कोठे? १८५८ प्रमाणे ते आता लंडनला जात नाही. केंद्राचे बहुतेक कर्ज देशातलेच आहे; बँका, विमा महामंडळ आणि भविष्यनिर्वाह निधी हे त्याचे मोठे धनको आहेत. म्हणजे ज्याची ठेव आहे, विमा आहे, निवृत्तिवेतन आहे, त्याच्याकडे व्याजाचा काही अंश परत येतो. आम्ही शिक्षकही त्यात आलोच. ज्याच्याकडे शिल्लक काहीच नाही, अशा वीटभट्टीवरच्या किंवा उसाच्या फडावरच्या पालकाकडे मात्र काही येत नाही. तो कर मात्र भरतो. मोबाईलच्या रिचार्जवर त्याला १८ टक्के कर पडतो आणि तोच दर उद्योगपतीलाही पडतो. पेट्रोलवरचा कर त्याच्या दुचाकीत आहे, डिझेलवरचा त्याच्या भाजीत. सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली आणि खोडरबर करमुक्त झाले, हे चांगलेच झाले. परंतु त्याआधीची आठ वर्षे आपल्या शाळेतील प्रत्येक मुलाने आपल्या वहीच्या पानापानावर कर भरला आहे. दुसऱ्या बाजूला काय झाले? मोठ्या वारशावरचा मृत्युकर १९८५ मध्ये गेला, संपत्तीकर २०१५ मध्ये गेला आणि २०१९ साली कंपन्यांच्या कराचा दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला गेला. त्या एका निर्णयाने वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सोडावा लागेल, असे सरकारनेच तेव्हा सांगितले होते. कंपन्यांना दिलेली सूट म्हणजे प्रोत्साहन आणि मुलाला दिलेली शिष्यवृत्ती म्हणजे खैरात, ही भाषा कोणी रूढ केली, याचा शोध आमच्या माजी विद्यार्थ्यांनी जरूर घ्यावा.

आता ‘भारित’ या शब्दाकडे येऊ. अर्थसंकल्पातला खर्च दोन प्रकारचा असतो : भारित आणि दत्तमत. घटनेच्या ११२ व्या अनुच्छेदानुसार कर्जाचे व्याज हा भारित खर्च आहे. त्यावर संसदेत चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. तो द्यावाच लागतो. शिष्यवृत्ती हा दत्तमत खर्च आहे. ती मंजूर व्हावी लागते, मंजूर झाल्यावर वितरित व्हावी लागते आणि वितरित होण्याआधी दुसरीकडे वळूही शकते. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी २०२५-२६ मध्ये केंद्राची संपूर्ण वर्षाची तरतूद साडेसहा हजार कोटींहूनही कमी होती. देश दोन दिवसांत जेवढे व्याज देतो, त्याहून ही रक्कम कमी आहे.

व्याज बुडवावे, असा याचा अर्थ नव्हे. धनकोचा शब्द राज्य पाळते, याबद्दल आम्हांस समाधानच आहे. तोच काटेकोरपणा आम्हांला या मुलांच्या बाबतीतही हवा आहे. ही शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली, ती व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना बाबासाहेबांनी केलेल्या मागणीतून. बनारस आणि अलीगढ येथील विद्यापीठांना सरकार देत असलेल्या अनुदानाचा दाखला देऊनच त्यांनी ती केली होती. बाबासाहेब स्वतः बडोदे संस्थानच्या खजिन्यातून शिकले आणि १९२५ मधील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा ग्रंथ त्यांनी कृतज्ञतेने सयाजीराव महाराजांना अर्पण केला. सार्वजनिक पैशाची किंमत त्यांना पुस्तकातून कळली नव्हती.

लोकसंख्येच्या प्रमाणात अनुसूचित जातींसाठी निधी राखण्याचा नियम १९७९ पासून आहे. तथापि तो नियम आहे, सर्वत्र कायदा नाही. आंध्र प्रदेश व कर्नाटक यांनी २०१३ मध्ये आणि तेलंगणाने २०१७ मध्ये तसा कायदा केला. महाराष्ट्रात २०२५ पर्यंत तो झालेला नाही, आणि त्याच वर्षी सामाजिक न्याय खात्याचा निधी दुसऱ्या योजनेकडे वळविला गेल्याबद्दल खुद्द त्या खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. ती योजना महिलांची होती. आपल्याही माता-भगिनींना तिचा लाभ मिळतो, त्याला आमचा विरोध नाही. प्रश्न एवढाच की, बहिणीला द्यावयाचे ते तिच्याच मुलाच्या ताटातून का?

सार्वजनिक कर्जाचा आणखी एक प्रकार आहे, जो कोणत्याही अर्थसंकल्पात दिसत नाही. वसतिगृहाचे अनुदान मार्चअखेरीस येते, मुले मात्र जूनपासून जेवतात. मधल्या नऊ महिन्यांत किराणा दुकानदाराची उधारी वाढत असते. शिष्यवृत्ती दीड वर्षाने जमा होते. तोवर मुलाची आई बचतगटातून उचल घेते आणि तिच्यावर व्याज भरते. शासनाने द्यावयाची रक्कम शासनाकडेच राहिली, म्हणजे तेवढे दिवस शासनाने ती आमच्याकडून बिनव्याजी वापरली. आयकर भरणाऱ्याला परतावा उशिरा मिळाला, तर सरकार त्याला दरमहा अर्धा टक्का व्याज देते; तसा कायदाच आहे. शिष्यवृत्तीला असा एकही दिवस मोजला जात नाही.

तो आपणच मोजू लागावा, असा आमचा विचार आहे. येत्या शैक्षणिक वर्षापासून नववी-दहावीच्या मुलांकडून नागरिकशास्त्राच्या तासाला एक वही लिहून घ्यावयाची आहे. रकाने साधे आहेत : मंजुरीचा दिनांक, रक्कम, प्रत्यक्ष जमा झाल्याचा दिनांक, मधले दिवस आणि दरमहा अर्धा टक्क्याने त्यावर होणारे व्याज. माजी विद्यार्थ्यांपैकी काही जण लेखापरीक्षणात, कोषागारात व बँकांत आहेत. त्यांनी या वहीचा नमुना एकदा तपासून द्यावा आणि जमल्यास केंद्रीय अर्थसंकल्पातील विवरण १०-अ, ज्यात अनुसूचित जातींसाठीच्या तरतुदी एकत्र दिलेल्या असतात, ते कसे वाचावे हे मुलांना दोन तास येऊन समजावून सांगावे. पालकांनी बँकेचे पासबुक शाळेत पाठवावे. त्यावरील जमा रकमेच्या दिनांकाची नोंद करून घेऊन ते दुसऱ्याच दिवशी परत केले जाईल.